यंत्राची नजर

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी, उत्तर तीरावर, दाभोळ हे गाव वसले आहे. एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. अरबस्तानातून घोडे घेऊन येणारी तारवे येथे नांगर टाकीत. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडून गेलेला अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी स्वदेशी परतण्यासाठी निघाला तोही याच बंदरातून. ते वैभव आता उरलेले नाही. तथापि खाडी तीच आहे, समोरच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड उभा आहे, आणि त्याच बाजूच्या टाळकेश्वराच्या टेकडीवरून दीपगृहाचा झोत रात्री समुद्रावर फिरत असतो.

नदीच्या मुखातून आत शिरणे हे शिडाच्या तारवांच्या काळी मोठे जोखमीचे काम असे. नदी गाळ आणते, समुद्र वाळू लोटतो, आणि या दोहोंच्या झुंजीत मुखाशी उथळ पट्टे तयार होतात. आभाळ स्वच्छ असले म्हणजे तांडेल किनाऱ्यावरील दोन ओळखीच्या खुणा हेरून ठेवी. देवळाचा कळस आणि त्यामागील डोंगराचा सुळका एका रेषेत आले, की वाट मोकळी आहे असे तो समजे. परंतु आषाढातील सर कोसळू लागली, की कळसही नाहीसा होई आणि डोंगरही. अशा वेळी नाळेवर उभा असलेला खलाशी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडी आणि दोरीवरील गाठी मोजून किती वाव पाणी आहे ते ओरडून सांगे. दर्यावर्दी लोक त्या गोळ्याच्या तळाशी चरबी लावीत. गोळा वर आला म्हणजे चरबीस वाळू चिकटली आहे की चिखल, यावरून तळाची जात कळे. याखेरीज लाटा फुटण्याचा आवाज कोणत्या अंगाने येतो याकडे तांडेलाचे कान लागलेले असत. डोळे तीक्ष्ण असूनही हा सारा खटाटोप कशासाठी? समुद्रावर डोळा केव्हा दगा देईल याचा नेम नसतो, आणि त्याने दगा दिला म्हणजे दुसरे काही हाताशी असावे लागते, हे त्याला ठाऊक होते.

नेमका हाच प्रश्न आता जमिनीवरील वाहनांच्या बाबतीत उभा राहिला आहे. चालकाशिवाय धावणारी मोटार ही आज केवळ कल्पना उरलेली नाही. अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या परिसरात वेमो या कंपनीच्या चालकरहित गाड्या २०२० च्या ऑक्टोबरपासून सर्वसामान्य उतारूंची ने-आण करीत आहेत. अशा गाडीस रस्ता, वळण, खांब, माणूस, गुरे हे सर्व स्वतःच ओळखावे लागते. ते कशाच्या साहाय्याने ओळखावे, याविषयी जाणकारांत तीव्र मतभेद आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की कॅमेरे पुरेसे आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, की कॅमेऱ्याच्या जोडीस रडार आणि लिडार ही यंत्रे हवीतच. हा वाद वरकरणी कारागिरांचा वाटतो. परंतु गाडीच्या पुढून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचे प्राण त्यात गुंतलेले आहेत.

कॅमेऱ्याचा पक्ष दुबळा आहे असे मात्र कोणी समजू नये. मनुष्य मोटार चालवितो तो दोन डोळ्यांच्या बळावरच. त्याच्या कपाळावर रडार बसविलेले नसते. रस्त्यांवरील पाट्या, पट्टे, दिवे हे सारे डोळ्यांसाठीच आखलेले आहे. लाल दिवा आणि हिरवा दिवा यांतील भेद रडारला कळत नाही, तो कॅमेऱ्यासच कळतो. शिवाय कॅमेरा स्वस्त असतो, लहान असतो आणि त्याच्या चित्रात तपशील विपुल असतो. टेस्ला कंपनीने याच विचाराने २०२१ च्या मे महिन्यापासून उत्तर अमेरिकेतील आपल्या काही गाड्यांतून रडार काढून टाकले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरापासून ध्वनिलहरींनी जवळचे अंतर मोजणारी साधनेही वगळण्यास आरंभ केला. दोन साधनांनी परस्परविरोधी वार्ता दिली तर विश्वास कोणावर ठेवावा, हा घोटाळाही त्यामुळे टळतो, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण अंतराची. कॅमेऱ्याचे चित्र सपाट असते. त्यात दूरचा मोठा ट्रक आणि जवळचा लहान टेम्पो एकाच आकाराचे दिसू शकतात. अंतर चित्रात लिहिलेले नसते. ते यंत्रास अनुमानाने काढावे लागते. दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतील किंचित फरकावरून, वस्तू चित्रात किती वेगाने मोठी होत जाते यावरून, किंवा पूर्वी पाहिलेल्या लक्षावधी चित्रांच्या अनुभवावरून यंत्र हे अनुमान बांधते. बहुतेक वेळा ते बरोबर येते. परंतु कधी न पाहिलेली वस्तू पुढे आली म्हणजे अनुमानाचा पाया ढासळतो. कोकणात भातकापणीनंतर कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेसच पेंढा पसरलेला असतो. हा ढीग मऊ आहे की दगडांचा आहे, यावरून गाडी नेता येईल की वळवावी लागेल, हे गावच्या माणसास विचारही न करता कळते. ज्या यंत्राने पेंढा कधी पाहिलाच नाही, त्यास तो काय वाटेल हे सांगणे कठीण.

दुसरी अडचण प्रकाशाची. दाभोळ येथे चंडिकादेवीचे मंदिर आहे. ते खडकातील गुहेत असून आत तेलाच्या दिव्यांचाच काय तो उजेड असतो. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत पाऊल टाकणाऱ्या भाविकास प्रथम काहीच दिसत नाही. भिंतीला हात लावीत, पुढच्या माणसाच्या चाहुलीने तो वाट काढतो. काही वेळाने डोळे सरावतात आणि मग मूर्ती दिसू लागते. डोळा अंधारास पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. कॅमेरा या बाबतीत डोळ्याहून चपळ आहे, परंतु त्याचीही एक मर्यादा आहे. एकाच चित्रात अतिशय उजळ आणि अतिशय काळोखी असे दोन्ही भाग असले, म्हणजे उजळ भाग पांढराफेक होतो किंवा काळोखी भाग काळा ठिक्कर पडतो. मुंबई–गोवा महामार्गावरील कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडताना तोंडाशी जो लखलखाट दिसतो, त्यात समोर उभी असलेली गाडी हरवून जाऊ शकते. सायंकाळी पश्चिमेस तोंड करून चाललेल्या गाडीच्या कॅमेऱ्यात सूर्य सरळ शिरतो, आणि पश्चिमेस समुद्र असलेल्या या मुलखात असे रस्ते पुष्कळ आहेत.

तिसरी अडचण अगदी साधी, परंतु तिची टवाळी करून चालणार नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल उडतो. जांभ्या दगडाची लाल माती उन्हाळ्यात धूळ होऊन बसते आणि पावसाळ्यात रबडी होऊन उडते. मनुष्याच्या डोळ्यास पापणी आहे, आणि तो गाडीच्या काचेमागे सुरक्षित बसलेला असतो. गाडीच्या मागे व बाजूस लावलेल्या कॅमेऱ्यांचे तसे नाही.

पावसाचे आणि धुक्याचे विघ्न या सर्वांहून मोठे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणाऱ्या कुंभार्ली घाटात पावसाळ्यात ढगच रस्त्यावर उतरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका ध्यानात येण्यास एक सेकंद गेला आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला, तर गाडी उभी राहीपर्यंत सुमारे ५० मीटर अंतर कापले जाते. धुक्यात ३० मीटरच दिसत असेल तर? शहाणा चालक वेग कमी करतो. त्याला दिसत नसते, पण आपल्याला दिसत नाही हे त्याला कळते; या कळण्याचे मोल फार आहे. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रास आपले अज्ञान ओळखावयास शिकविणे हे वस्तू ओळखावयास शिकविण्याहून अवघड ठरले आहे.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ च्या मे महिन्याच्या ७ तारखेस अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एक टेस्ला गाडी स्वयंचलित साहाय्यावर धावत होती. समोरून एक लांबलचक मालट्रक रस्ता ओलांडून वळत होता. त्याची बाजू पांढरी होती, मागे आकाश लख्ख उजळलेले होते. यंत्रास ती पांढरी भिंत आकाशाहून वेगळी दिसली नाही, आसनावरील माणसाचेही लक्ष नव्हते. ब्रेक लागला नाही आणि तो मनुष्य मरण पावला. त्या गाडीत रडारही होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. परंतु रस्त्यावर आडव्या लावलेल्या उंच पाट्यांमुळे गाडी विनाकारण थांबू नये म्हणून तशा प्रतिध्वनीकडे दुर्लक्ष करण्याची योजना त्यात होती. साधन बसविले एवढ्याने काम भागत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तजवीजही नीट करावी लागते.

रडारचा जन्म, योगायोगाने, जहाजांसाठीच झाला. ख्रिस्तियान ह्युल्समायर नावाच्या जर्मन तरुणाने १९०४ साली कलोन शहरात ऱ्हाईन नदीवर एक यंत्र लोकांस दाखविले. त्यातून विद्युत्‌लहरी निघत, नदीतील जहाजावर आदळून परत येत, आणि त्या परतल्या म्हणजे यंत्रातील घंटा वाजे. धुक्यात जहाजांची टक्कर टाळावी हा त्याचा हेतू होता. जहाज कंपन्यांनी मात्र त्याच्याकडे पाठ फिरविली, आणि पुढे तीस वर्षांनी युद्धाच्या छायेत इतर शास्त्रज्ञांना ही कल्पना नव्याने उभी करावी लागली. १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले तेव्हा त्याच्या डोलकाठीवर पहारा करणाऱ्या माणसांजवळ डोळ्यांखेरीज काही नव्हते.

आजच्या मोटारींतील रडारची लहर सुमारे ४ मिलिमीटर लांबीची असते. धुक्यातील पाण्याचा कण साधारणपणे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. एवढ्याशा कणाची त्या लहरीस अडचण होत नाही, ती त्यास वळसा घालून निघून जाते. प्रकाशाची लहर मात्र त्या कणाहूनही कितीतरी लहान असल्यामुळे प्रत्येक कणावर आपटून विखुरते. धुके पांढरे दिसते ते यामुळेच. रडारची लहर १५० मीटरांवरील वस्तूस स्पर्श करून एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात परत येते, आणि त्यावरून अंतर अनुमानाने नव्हे तर मोजून मिळते. वस्तू जवळ येत आहे की दूर जात आहे, हेही लहरीच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून तत्काळ कळते. उणीव एवढीच, की रडारचे चित्र ओबडधोबड असते. रस्त्यात पडलेला पत्र्याचा डबा आणि थांबलेली गाडी यांतील फरक ओळखणे त्यास कठीण जाते.

लिडार हे तिसरे साधन प्रकाशाचेच, परंतु ते स्वतःचा प्रकाश बरोबर बाळगते. डोळ्यांस न दिसणाऱ्या लेसर किरणांचे ठिपके ते चहूकडे फेकते आणि प्रत्येक ठिपका परत येण्यास किती वेळ लागला ते मोजते. त्यामुळे काळोख्या रात्रीही आसपासच्या वस्तूंची उंची, रुंदी आणि अंतर यांचा आराखडा तयार होतो. डांबरी रस्त्यावर रात्री बसलेली काळी म्हैस कॅमेऱ्यास दिसो वा न दिसो, लिडारला ती उंचवटा म्हणून जाणवते. पण लिडार महाग, आणि दाट धुक्यात त्याचे किरणही विखुरतात. सारांश, तिन्ही साधने अपुरी आहेत. मात्र प्रत्येकाचे अपुरेपण वेगवेगळ्या जागी आहे, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येण्याचा संभव त्यातच आहे. वेमोने २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलेल्या गाडीवर १३ कॅमेरे, ४ लिडार आणि ६ रडार बसविलेले आहेत.

साधनांची संख्या वाढली म्हणजे सुरक्षितता आपोआप येते असे मानणेही भोळेपणाचे होईल. २०१८ च्या मार्चमध्ये ॲरिझोना राज्यातील टेम्पी येथे उबर कंपनीच्या चाचणीतील गाडीने रात्री सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस धडक दिली व ती मरण पावली. त्या गाडीवर लिडार, रडार, कॅमेरे सर्व काही होते. तिच्यातील यंत्रणेने पाच सेकंदांहून अधिक काळ अगोदर त्या स्त्रीची चाहूल घेतली होती. परंतु ही गाडी आहे, सायकल आहे की आणखी काही, याविषयी तिचे मत पुनःपुन्हा पालटत राहिले आणि त्यात वेळ निघून गेला.

निसर्गात केवळ नजरेवर न विसंबणारे जीव पुष्कळ आहेत. वटवाघळाचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १७९० नंतरच्या दशकात इटलीतील स्पालांझानी या संशोधकाने आंधळी झालेली वटवाघळे खोलीत बिनचूक उडतात हे पाहिले, आणि १९३८ साली अमेरिकेतील डोनाल्ड ग्रिफिन याने त्यांचे मनुष्यास ऐकू न येणारे आवाज यंत्राने टिपले. परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यालगत आणि खाड्यांच्या मुखांशी पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन आढळतो. पावसाळ्यात खाडीचे पाणी गढूळ होऊन हातभर अंतरावरचे दिसेनासे होते, तेव्हाही हा प्राणी मासे पकडतो. त्यास डोळे आहेत व ते कामाचेही आहेत. पण तो टकटक असे आवाज काढून त्यांच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा ठाव घेतो.

धुक्यावर मात करण्याच्या खटपटीत एका महाराष्ट्रीय संशोधकाचाही हात आहे. रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, आणि पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत ते प्राध्यापक झाले. कोपऱ्यापलीकडची वस्तू कॅमेऱ्याने पाहण्याच्या त्यांच्या प्रयोगांची जगभर चर्चा झाली. २०१८ साली त्यांच्या गटाने धुक्यातून पाहणाऱ्या कॅमेऱ्याची माहिती प्रसिद्ध केली. लेसरचा अत्यल्प काळ टिकणारा स्पंद धुक्यात सोडावयाचा आणि परत येणारे प्रकाशकण एकेक करून, त्यांच्या येण्याच्या वेळेसह मोजावयाचे, अशी ती रीत होती. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश अवघा ३० सेंटिमीटर जातो. यावरून हे मोजमाप किती बारीक असले पाहिजे याची कल्पना यावी. धुक्याच्या कणांवरून परतणारे प्रकाशकण एका ठरावीक गणिती नियमाने येतात. धुक्याची दाटी कितीही असो, नियमाचे रूप तेच राहते. तेवढे कण हिशेबातून वजा केले म्हणजे मागे उरतात ते वस्तूवरून आलेले. एक मीटर लांबीच्या पेटीत पाण्याच्या तुषारांचे दाट धुके करून हा प्रयोग झाला. माणसाची दृष्टी ज्या धुक्यात ३६ सेंटिमीटर पोहोचत होती, त्यात या यंत्राने ५७ सेंटिमीटरवरील वस्तू ओळखली व तिचे अंतरही सांगितले. आकडा लहान वाटतो खरा, परंतु ते धुके रस्त्यावरील नेहमीच्या धुक्याहून अनेकपटींनी दाट होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की येथे केवळ चित्र पुरेसे झाले नाही. कॅमेऱ्यास वेळ मोजण्याची जोड द्यावी लागली.

अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टेस्लाच्या स्वयंचलन यंत्रणेची चौकशी सुरू केली. सूर्याची तिरीप, धुके, उडणारी धूळ अशा मंद दृश्यमानतेत घडलेले चार अपघात तिचे निमित्त होते; त्यांपैकी एकात रस्त्यावरील एक व्यक्ती मृत्युमुखी पडली होती. कंपनी आपल्या मतापासून ढळलेली नाही; २०२५ च्या जूनमध्ये तिने टेक्ससमधील ऑस्टिन शहरात कॅमेऱ्यांवरच चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या सुरू केल्या, मात्र आरंभी त्यांत देखरेखीसाठी एक मनुष्य बसविला होता.

भारतात असा प्रसंग इतक्यात येण्याची चिन्हे नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ च्या डिसेंबरात नागपूर येथे बोलताना, चालकांचा रोजगार जाईल या कारणास्तव चालकरहित गाड्यांस देशात येऊ देणार नाही, असे सांगितले. रोजगाराचा प्रश्न खराच मोठा आहे. पण रस्ता आणि ऋतू यांचा प्रश्न त्याहून लहान नाही. चालकास साहाय्य करणारी यंत्रणा मात्र येथील कित्येक नव्या गाड्यांत आलेली आहे. काहींत ती कॅमेऱ्यावरच चालते, काहींत रडारची जोड असते. दाभोळहून धोपाव्यास गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट २००३ पासून चालू आहे. गावकरी तिला जंगलजेट्टी म्हणतात. तिच्यातून उतरून गुहागरकडे निघणाऱ्या गाड्यांत अशा नव्या गाड्याही असतात. पावसाने कॅमेरा झाकोळला, की अशा गाडीत चालकापुढे सूचना उमटते, की साहाय्य तूर्त बंद आहे. तेथे गाडी हाती घेण्यास चालक बसलेला असतो. चालकच नसलेल्या गाडीस अशा वेळी दुसरा मार्ग नसल्याने ती रस्त्याच्या कडेस जाऊन उभी राहावी, अशी तिची रचना करावी लागते. परदेशातील रुंद रस्त्यांवर ते जमते. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी, आणि समोरून एस. टी. येत असलेल्या घाटात गाडीने कडेस म्हणजे नेमके कोठे उभे राहावे, याचे उत्तर अद्याप कोणाजवळ नाही.